रीत आणि वळण

पिंपळवंडीत सोपान गवंडी लांबूनही ओळखू येई तो त्याच्या चालण्यावरून. मान वर, नजर समोर, दोन्ही हात मोकळे. कुकडीच्या कालव्याची कामे निघाली तेव्हा त्याने दगड घडवले, पुढे लोकांची घरे बांधली. जन्मभर ओळंबा हाताळून हा माणूसच ओळंब्यासारखा झाला, असे गाव गमतीने म्हणे. त्या गमतीत खरी गोष्ट निसटून जाई. ते ताठपण हत्याराने दिलेले नव्हते; एका दिवशी ठरवून घेतलेले होते.

सोपानचा बाप भिका गावची येसकरकी, वेशीच्या राखणीचे वतनी काम, करीत असे. पाटलांच्या दारात काठी आडवी ठेवून तो कमरेत वाके, ‘जोहार मायबाप’ म्हणे आणि भाकरी वाढली जाईपर्यंत तसाच वाकून राही. छप्पन्न साली धर्मांतर झाले तेव्हा सोपान मिसरूड फुटू लागलेला पोरगा होता. त्याने बापाची काठी चुलीत घातली आणि त्याच दारावरून मान वर करून गेला. ओट्यावर त्या घरातला त्याच्याच वयाचा मुलगा उभा होता. त्याचे नाव रखमाजी. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढे दोघेही म्हातारे झाले, पण ते पाहणे कोणी विसरले नाही.

सोपानचा मुलगा रत्नदीप. त्याला लहानपणापासून घरात एकच नियम ऐकवला गेला होता, आणि तो ऐकवताना सोपानचा आवाज कधी चढत नसे. मान लववायची ती बुद्धापुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे. तिसरी जागा नाही. शाळेत गुरुजींच्या पाया पडायची पद्धत होती, तेव्हाही रत्नदीप हात जोडून उभा राही आणि त्याबद्दल दोनदा मारही खाऊन आला. दोन्ही वेळा द्रौपदाने, त्याच्या आईने, पाठीला तेल लावले आणि सोपानने त्याला शेजारी जेवायला बसवले. बापाच्या शेजारी बसण्याचा तो मान त्या पोराला कुठल्याही बक्षिसाहून मोठा वाटला. तो आयुष्यभर तोच शोधत राहिला, असे म्हटले तरी चालेल.

रत्नदीप वायरमनचा कोर्स करून आला त्याच सुमारास, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रखमाजीने आळेफाट्याजवळच्या आपल्या जमिनीवर शेड उभारली. आधी तिथे कांद्याची चाळ होती. आता तिथे मोटारींच्या आत पसरलेल्या तारांचे जुडगे बांधले जाऊ लागले. तारा मापात कापायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे, टेप गुंडाळायची आणि शेवटी प्रत्येक जुडगा टेस्ट बोर्डावर लावून सगळे दिवे पेटतात का पाहायचे, असे ते काम. रत्नदीप तिथे लागला तेव्हा सोपानने हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाला, की काम हाताने करायचे असते, मानेने नाही.

रखमाजीला सगळे अण्णा म्हणत. अण्णांच्या कारभाराला लिहिलेला नियम नव्हता आणि त्याची गरजही कोणाला भासत नव्हती. कोणाच्या घरी काय शिजते, कोणाची सून नांदत नाही, कोणाच्या बापाला दम्याचा त्रास आहे, हे सगळे त्यांना ठाऊक असे. बाईमाणूस आजारी पडले तर अण्णांची जीप दवाखान्याच्या दाराशी उभी असे. दिवाळीला साडी, लग्नाला भांडे, मयताला स्वतः हजर. मात्र एखादा जुडगा चुकला, की चहाच्या आधी चुकणारा सापडलाच पाहिजे. त्याला अंगणात बोलावून सगळ्यांदेखत आईबापावरून ऐकवले जाई. तो ‘चुकलं अण्णा’ म्हणे, आणि मग अण्णाच त्याला आधी चहा द्यायला सांगत. चूक कशी झाली हे मात्र कोणी विचारत नसे. कोणाची, एवढे कळले की काम संपले. आणि ती कोणाची निघेल, याचा अंदाज रत्नदीपला बहुतेक वेळा आडनावावरूनच येई.

मग एक जर्मन इंजिनियर आला. ज्या कंपनीला माल जात होता तिने त्याला काही महिन्यांसाठी पाठवले होते. तो कोणाचे नाव लक्षात ठेवत नसे, जेवायला एकटा बसे आणि हातात नेहमी ड्रॉइंगचा कागद धरी. अण्णांचा मुलगा सुदर्शन तेव्हा पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन कारभारात आला होता. त्यालाही या इंजिनियरने सगळ्या बायकांसमोर, आवाज न चढवता, ‘हे चूक आहे’ असे तोंडावर सांगितले. संध्याकाळी तोच माणूस सुदर्शनबरोबर हसत चहा प्याला, कारण त्याच्या लेखी काही घडलेच नव्हते. चूक कागदाची होती आणि ती कागदावर दुरुस्त झाली होती. रत्नदीपला तो मनापासून आवडला. त्याच्या कागदाला आडनावे वाचता येत नव्हती. पण झुंबरबाईचा नवरा वारला तेव्हा त्याच इंजिनियरने तिच्या जागी कोण बसणार एवढेच विचारले आणि पुढच्या टेबलाकडे गेला. झुंबरबाई ही लाइनवरची सगळ्यात जुनी बाई. परत आल्यावर ती म्हणाली, की अण्णा शिव्या देतात पण खांदाही देतात, याच्यापाशी दोन्ही नाही. तिचे म्हणणे रत्नदीपला खोडता आले नाही.

सुदर्शनने या गोष्टींचा अभ्यास केला होता. शनिवारी काम आटोपल्यावर तो सगळ्यांना फळ्यासमोर बसवी आणि निरनिराळ्या देशांत साहेब कसा वागतो ते समजावून सांगे. फळ्यावर त्याने रकाने पाडले होते. जर्मनीच्या रकान्यात नियम, अमेरिकेच्या रकान्यात एकट्याची हिंमत, जपानच्या रकान्यात गट, आणि भारताच्या रकान्यात मोठ्या अक्षरात कुटुंब. त्यावर झुंबरबाईने पदर सावरत हात वर केला.

“कुटुंब म्हंता ना सुदर्शनराव, मंग सासू कोन आन् सून कोन, त्ये बी लिवा की फळ्यावर.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुदर्शनही हसला. तो वाईट माणूस नव्हता. पण तो प्रश्न त्याने लिहून घेतला नाही, आणि पुढच्या शनिवारी फळा पुसलेला होता.

नवे शतक उजाडले आणि माल एका जपानी कंपनीला जाऊ लागला. तिचा सल्लागार म्हणून हिराता नावाचा उतारवयाचा गृहस्थ आळेफाट्याला येऊन राहिला. तो कामगारांचाच निळा सदरा घाली, त्यांच्याच रांगेत ताट घेऊन उभा राही आणि एखादी चूक सापडली की कोणी केली हे न विचारता का झाली हे विचारी. उत्तर मिळाले की त्याचेही का विचारी. तिखटाने डोळ्यांत पाणी आले तरी पिठले सोडत नसे. त्याने रत्नदीपला हेरले आणि काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले. पिंपळवंडीतून विमानात बसणारा बौद्धवस्तीतला तो पहिलाच माणूस. निरोपाला सोपानने एकच प्रश्न विचारला, तिथले लोक बुद्धाचे का? रत्नदीप हो म्हणाला. सोपानच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते रत्नदीपने त्याआधी एकदाच पाहिले होते, मार खाऊन आल्यावर ताटावर बसताना.

तिथे रत्नदीपने पुष्कळ यंत्रे पाहिली, पण त्याच्या मनात राहिली ती एक सकाळ. एका विभागात एक हंगामी कामगार यंत्रात हात सापडून जखमी झाला होता. दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर त्याचा लाइन लीडर पुढे आला आणि कमरेत वाकला. मग विभागप्रमुख आला आणि त्याच्याहून खाली वाकला. शेवटी कारखान्याचा मुख्य, पांढऱ्या केसांचा माणूस, त्या पोराच्या आईसमोर इतका खाली वाकला की त्याचा चेहराच दिसेना. वाकणे खालून सुरू होत होते आणि वर चढत होते, आणि जितके वर जाई तितके अधिक खोल होई. रत्नदीपच्या गावात शेकडो वर्षे माना लवल्या होत्या, पण सगळ्यात खालच्याच्याच. इथे अधिकार जितका मोठा तितकी मान जड होती. बुद्धाच्या देशात मानेचा अर्थच उलटा लावला आहे, असे त्याला वाटले. आणि आबांनी, त्याच्या बापाने, जन्मभर जे राखले त्याचीच ही दुसरी बाजू आहे, असेही.

परत आल्यावर तो बायकांच्या लाइनचा लीडर झाला. आपल्या लाइनवरची चूक ती आपली, असे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले आणि ते पाळले. कोणालाही अंगणात उभे राहावे लागेनासे झाले. झुंबरबाई त्याला चिडवी, की भाऊ जपानहून सगळ्यांची सासू होऊन आले, पण सून होऊन राबतात. घरी मात्र वाकण्याची ती हकीकत त्याने बायकोला, स्वप्नाला, सांगितली, बापाला सांगितली नाही. शब्दांनी सांगून ते समजणार नाही, कधीतरी दाखवता येईल, असे त्याच्या मनात होते. जपानहून आणलेली बुद्धाची लहानशी मूर्ती सोपानने कोनाड्यात ठेवली. रोज सकाळी बापलेक तिच्यापुढे शेजारी शेजारी बसत आणि दोघांची कपाळे एकाच वेळी जमिनीला टेकत.

त्या वर्षी दसऱ्याच्या दोन-तीन महिने आधी टेस्ट बोर्ड बिघडला. बदली भाग यायला वेळ होता आणि माल जहाजावर चढायचा होता. रत्नदीपने सुदर्शनला माल थांबवा असे सांगितले. सुदर्शनने अण्णांच्या शब्दाचा दाखला दिला, दिलेली तारीख पाळायची असे म्हणाला आणि न तपासलेला माल गाडीत भरायला लावला. त्या मालात काही जुडग्यांमध्ये दोन तारांची अदलाबदल झालेली निघाली. इंद्रायणी नावाच्या नव्या मुलीच्या हातून ती झाली होती. बोर्डावर तो दिवा पेटला नसता, एवढी साधी चूक. तक्रार आली, आणि त्या कंपनीची दोन माणसे स्वतः येणार असे ठरले. सुदर्शनने त्यांना खंडेनवमीलाच बोलावले. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, गावातली मंडळी येतात, कामगारांच्या घरचे येतात. आपली संस्कृतीही त्यांना दिसेल, असा त्याचा विचार. शिवाय जपानला जाऊन आला म्हणून रत्नदीपचा सत्कारही त्याच दिवशी धरला होता.

आदल्या दिवशी हिरातांनी सुदर्शन आणि रत्नदीप दोघांना बसवून घेतले. पाहुण्यांसमोर आणि कामगारांसमोर माफी मागावी लागेल. आधी लाइन लीडर वाकेल, मग कारखान्याचा प्रमुख, त्याच्याहून खाली. त्यात कमीपणा नाही, जबाबदारी वर कशी जाते ते सगळ्यांना दिसले पाहिजे. सुदर्शनने मान डोलावली, हे फळ्यावर मीच शिकवतो असेही म्हणाला. रत्नदीप घरी आला तो हरखून. सोपानने त्या अंगणात कधी पाऊल ठेवले नव्हते. मुलाच्या सत्काराला यावे म्हणून स्वप्नाने कितीतरी दिवस सासऱ्यांची मनधरणी केली होती. त्या संध्याकाळी तो यायला कबूल झाला, सोबत वस्तीतला त्याचा जुना सोबती गेणभाऊ येणार म्हणून. आबांना उद्या रखमाजीच्या अंगणात रखमाजीचाच मुलगा वाकताना दिसेल, आणि तोही इंद्रायणीसारख्या नव्या पोरीच्या चुकीसाठी, हे रत्नदीपने स्वप्नाला सांगितले. तिने विचारले, की आबांना आधी कल्पना द्यायला नको का? तो म्हणाला, बघतील तेव्हाच कळेल.

यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. बौद्ध कामगारांनी सकाळी यंत्रे पुसून लख्ख केली होती आणि नारळ फुटताना ते रिवाजाप्रमाणे बाजूला उभे राहिले होते. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या. वयोमानाने थकलेले अण्णा एका खुर्चीत बसले होते, आणि सुदर्शनने स्वतः पुढे होऊन सोपानला त्यांच्या शेजारची खुर्ची दिली. सोपान बसला. पाठ टेकून बसला नाही, पण बसला. गेणभाऊ मागच्या रांगेत होता. त्याने पुढे वस्तीत सांगितले, की त्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते. भिकाचा पोरगा आणि पाटलाचा पोरगा, एका रांगेत, एका उंचीच्या खुर्च्यांवर.

हिरातांनी चार शब्द बोलून खूण केली. रत्नदीप पुढे आला. त्याने पाहुण्यांकडे, मग बायकांच्या रांगेकडे पाहिले, आणि म्हणाला, “चूक माझ्या लाइनची आहे. म्हणजे माझी आहे. मी माफी मागतो.” आणि तो शिकला होता तसा, पाठ सरळ ठेवून, कमरेत खाली वाकला.

शेजारी हिराताही तितकेच वाकले.

वाकलेल्या रत्नदीपला समोर शेणाने सारवलेली जमीन आणि पाहुण्यांचे काळे बूट तेवढे दिसत होते. तो सुदर्शनच्या पावलांची वाट पाहू लागला. ती पावले आता पुढे येतील, शेजारी थांबतील, आणि त्याच्याहून खाली एक डोके येईल. मग आपण सरळ व्हायचे. तसे ठरले होते.

सुदर्शन निघालाही होता. पण पुढच्या रांगेत बाप होता, मागे सोयरेधायरे होते, भावकी होती, आणि जिथे वाकायचे तिथे आधीच कोण वाकलेले आहे ते सगळ्यांना दिसत होते. त्याच्याशेजारी, आणि त्याच्याहून खाली वाकायचे होते. फळ्यावरचे रकाने तिथे उपयोगी पडले नाहीत. त्याची नजर अण्णांकडे गेली. मग तो दोन पावले पुढे आला, रत्नदीपच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, “असू दे, असू दे. झालं आता. ऊठ.”

लोकांचे अडलेले श्वास सुटले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि अण्णा, ऐकू कमी येत असल्याने नेहमी मोठ्यानेच बोलणारे, कौतुकाने शेजारी वळले.

“सोपान, पोरगं लई गुणाचं हाये बाबा तुझं. भिकाचं वळन हाये. मदल्या पिढीत गेलं व्हतं, आलं परत.”

अण्णांच्या बोलण्यात विष नव्हते. असते, तर सोपानपाशी त्यावर उतारा होता. अण्णांना खरोखरच भरून आले होते. एका अंगणात दोन माना एकाच मापाने लवल्या होत्या. परदेशी माणसाच्या मानेला लोक त्यांची रीत म्हणाले, आणि रत्नदीपच्या मानेला त्याचे वळण.

सोपान उठला. त्याने खुर्ची हाताने नीट सरळ केली, आला तसा मान वर करून अंगणाबाहेर पडला आणि पिंपळवंडीच्या रस्त्याला लागला. गेणभाऊ मागे धावला. सत्काराच्या वेळी रत्नदीपच्या खांद्यावर शाल घातली गेली तेव्हा पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

रत्नदीप घरी आला तेव्हा सोपान ओसरीवर बसला होता. द्रौपदा चुलीपाशी होती, तिने वर पाहिले नाही. रत्नदीपने बापासमोर बसून सगळे सांगितले. जपानमधली ती सकाळ, पांढऱ्या केसांचा तो मुख्य, जखमी पोराची आई, इंद्रायणी, टेस्ट बोर्ड. त्याला वाटत होते, की नीट क्रमाने सांगितले तर उमगेल. सोपानने मध्ये एकदाही तोडले नाही. सगळे ऐकून झाल्यावर तो म्हणाला,

“तितं वरचा वाकतो म्हनतोस. बरं हाये. हितं तुज्यानंतर कोन वाकलं?”

“कोणी नाही,” रत्नदीप म्हणाला.

“ही मान वर कराया माजी सगळी हयात गेली, पोरा. तू ती खाली घालाया इमानात बसून शिकाया गेला व्हतास व्हय?”

एक रीत तिच्या मातीतून उचलून आणताना तिची एक बाजू तिथेच राहिली होती, हे रत्नदीपला त्या अंगणात वाकलेला असतानाच कळून चुकले होते. खालच्याने वाकणे ही रीत होतच नाही. वरचा वाकतो तेव्हाच खालच्याचे वाकणे जबाबदारी ठरते. तो वाकला नाही, तर उरतो तो जोहार. पण हे कळणे बापापुढे ठेवून काय होणार होते? बापाला ते छप्पन्न सालापासून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. वस्तीतल्या विहारात पंचशील म्हटले गेले. सोपान गेणभाऊच्या शेजारी बसला. घरी कोनाड्यातल्या मूर्तीपुढे तो त्यानंतर एकटाच बसू लागला, मुलगा उठायच्या आत. बोलणे तुटले नाही. गहू दळून आणायचे, कौले शाकारायची, द्रौपदाचे औषध आणायचे, हे सगळे बोलणे होई. फक्त ताटावर शेजारी बसणे संपले. कोणी ते बोलून दाखवले नाही. द्रौपदा दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढू लागली, एवढेच.

कारखान्यात पाहुण्यांना समाधान वाटावे म्हणून कोणाला तरी बाजूला करणे भाग होते, आणि सगळ्यांदेखत कबुली दिलेला माणूस एकच होता. सुदर्शनने रत्नदीपला स्टोअरमध्ये नेमले. पगार तोच ठेवला, आणि हे तात्पुरते आहे असे त्याने अनेकदा सांगितले. हिरातांनी या बदलीला विरोध केला, पण त्यांची मुदत संपत आली होती. जाताना ते स्टोअरमध्ये आले आणि रत्नदीपसमोर वाकले. रत्नदीपने हात जोडले. त्याची मान जागेवरून हलली नाही. हिरातांना राग आला असेल की समजले असेल, ते त्याला कधी कळले नाही.

पुढे कामाच्या रेट्यात त्याला लाइनवर परत घेतले. झुंबरबाईने त्या दिवशी गूळ वाटला. चूक झाली की तो अजूनही आपलीच सांगे, कोणा बाईला पुढे करत नसे. पण ती आता ताठ उभा राहून, समोर बघून सांगे. नव्या जपानी सल्लागाराने हा माणूस उद्धट आहे असे मत नोंदवले, आणि सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली. आधी त्याची मान लवली म्हणून लोकांनी तिचे कौतुक केले होते. आता लवत नाही म्हणून तिची किंमत कापून घेतली. दोन्ही वेळा ती मान काय म्हणते हे कोणी विचारले नाही.

दोन-तीन वर्षांत सोपान खचला. छातीत दगडाची धूळ साचली होती, असे डॉक्टर म्हणाले. त्याला उठून बसता येईना तेव्हा रत्नदीप त्याला आधार देई, पाणी पाजी, केस विंचरी. अशाच एका दुपारी, डोळे मिटलेले असताना, सोपानने विचारले,

“त्यो वाकला का रं, कदी?”

कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्या क्षणी एक लहानसे खोटे बोलता आले असते. स्वप्ना दारात उभी होती. ते खोटे त्याने बोलावे असे तिला फार वाटले. पण त्या घरात खोटे बोलायची सवय नव्हती.

“नाही आबा.”

सोपानने डोळे उघडले नाहीत. त्याने तोंड भिंतीकडे वळवले. ती भिंत त्यानेच बांधलेली होती. त्यानंतर तो जगला तेवढे दिवस त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

सोपानच्या पुण्यानुमोदनाला, मृत्यूनंतरच्या वंदनेला, वस्ती जमली. निरगुडसरहून स्वप्नाच्या माहेरचे आले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली सोपानचा फोटो मांडला होता. तरुणपणीचा, कालव्यावर काढलेला, कमरेवर हात ठेवून उभा असलेला. कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. झुंबरबाई द्रौपदाचा हात धरून बसली होती. अण्णा अंथरुणाला खिळले होते, म्हणून सुदर्शन आला. तो चपला बाहेर काढून आत आला, फोटोसमोर फूल ठेवले आणि वाकला. पाठ सरळ ठेवून, कमरेतून, खूप खाली, आणि बराच वेळ. ते वाकणे अचूक होते. त्याला ते येत होते तर. रत्नदीपने ते पाहिले. ज्याच्यासाठी पाहायचे, तो फोटोत होता.

वर उठताना सुदर्शनचे डोळे ओले होते. ते ओले होणे खरे होते, याविषयी रत्नदीपला शंका वाटली नाही. लोकांत कुजबूज झाली, की एवढा मोठा माणूस, पण किती संस्कारी.

मग बौद्धाचार्यांनी त्रिसरण सुरू केले. वंदनेच्या शेवटी पंचांग प्रणामाला सगळे पुढे झुकले. पांढरी वस्त्रे, पदर, टोप्या, लहान पोरांची डोकी, सगळे एकदम खाली गेले आणि खोली जणू अर्धी झाली. रत्नदीप गुडघ्यांवर बसला होता. त्याने हात जमिनीला टेकले. आबा इथे वाकत, ही जागा आबांनीच दाखवली होती, हे त्याला ठाऊक होते. पण मान पुढे जाईना. ही एकच वस्तू बापाने मागितली होती, आणि ती त्याने एकदा भलत्याच अंगणात टाकून दिली होती. आता ती पुन्हा खाली ठेवण्याचा धीर त्याला कुठेही होत नव्हता, बुद्धापुढेही नाही. तो बसून राहिला, सरळ, त्या लवलेल्या सगळ्या पाठींच्या वर एकटाच, आणि समोरच्या फोटोकडे पाहत राहिला.

डोकी वर आली तेव्हा गेणभाऊने ते पाहिले. तो शेजारच्या पाहुण्याकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, “फ्याक्टरीत वाकला. बापापुढं न्हाई वाकला.”

आवाज हळू होता, पण खोली लहान होती. स्वप्नाने ऐकले आणि ती काही बोलायला उठू लागली. रत्नदीपने तिच्याकडे पाहून मान हलवली, नको अशी. मग तो आलेल्यांना पाणी द्यायला उठला.